आकड्यांत उत्तर देणारा सर्व्हर

मोठ्या कचेरीत संगणक अनेक असतात. परंतु सर्वांच्या फाइली पुष्कळदा एकाच संगणकावर साठविलेल्या असतात. त्यास सर्व्हर म्हणतात. आपल्या मेजावर फाइल उघडली, की ती येथेच होती असा भास होतो. वस्तुतः ती दुसऱ्या खोलीतून तारेवाटे आलेली असते. अशी एक प्रसिद्ध व्यवस्था अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली तयार केली. 'नेटवर्क फाइल सिस्टिम' हे तिचे नाव.

सांगितलेले काम करता आले नाही, तर सर्व्हर लांबलचक खुलासा देत नाही. एक आकडा तेवढा धाडतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत या आकड्यांचे अर्थ दिलेले आहेत. २ म्हणजे त्या नावाची फाइल नाही. १३ म्हणजे तुम्हांस परवानगी नाही. २८ म्हणजे सर्व्हरवरील जागाच संपली. आणि ६९ म्हणजे केवळ तुमच्या वाट्याची जागा संपली.

सर्वांत चमत्कारिक आकडा ७० हा होय. फाइल प्रथम मागताना सर्व्हर एक खूणचिठ्ठी देतो. पुढील व्यवहार नावावर नव्हे, तर त्या चिठ्ठीवर चालतात. कोणाला कोणती चिठ्ठी दिली, याची नोंद मात्र जुन्या आवृत्त्यांतील सर्व्हर ठेवीत नसे. हा विसराळूपणा मुद्दाम पत्करलेला होता! वीज जाऊन सर्व्हर बंद पडला, तरी तो सुरू होताच तीच चिठ्ठी दाखवून काम पुढे चालविता येई.

आता समजा, एका मुलीने निबंधाची फाइल उघडून ठेवली आहे. इतक्यात दुसऱ्या संगणकावरून कोणी ती पुसून त्याच नावाची नवी फाइल केली. नाव तेच, पण चिठ्ठी पूर्वीच्या फाइलीची. तेव्हा सर्व्हर ७० हा आकडा पाठवितो : चिठ्ठी शिळी झाली. (इंग्रजीतही येथे 'शिळी' याच अर्थाचा शब्द योजतात.) त्याने मुकाट्याने नवी फाइल पुढे केली असती, तर एकीची वाक्ये दुसरीच्या निबंधात जाऊन पडली असती. अशा वेळी फाइल पुन्हा नावाने मागून नवी चिठ्ठी घ्यावी लागते.

उत्तरच न येणे ही गोष्ट निराळी. 'सर्व्हर उत्तर देत नाही' हा निरोप आपल्याच संगणकाचा असतो. त्यावरून फाइल नष्ट झाली असे समजू नये.

खरा धोका २८ या आकड्याचा. आपला संगणक लिहिलेला मजकूर काही काळ स्वतःजवळ ठेवून मग सर्व्हरकडे पाठवितो. त्यामुळे जागा संपल्याचे कधी कधी फाइल बंद करतानाच कळते. त्या क्षणी आलेला आकडा प्रोग्रॅमने पाहिलाच नाही, तर पडद्यावर निबंध पूर्ण दिसतो आणि सर्व्हरवर अर्धाच उरतो.