सांगाडा लंडनला, साक्ष गावात

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या संग्रहालयात जाणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी : ज्या जीवाश्मांमुळे हे गाव जगाला माहीत झालं, त्यांतले सर्वांत गाजलेले नमुने इथे नाहीत, ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. मग मूळ वस्तू सोडून गावातल्या संग्रहालयासाठी दिवस का खर्चायचा, हा आक्षेप रास्तच आहे. पण वस्तू काय आहे हे सांगणं वेगळं आणि ती कोणाच्या कष्टाने हाती लागली हे सांगणं वेगळं. हे दुसरं काम शास्त्राच्या दरबारात फार उशिरा झालं.

1811 मध्ये जोसेफ अ‍ॅनिंगला इथल्या कड्यात एक अजस्र कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी त्याची लहान बहीण मेरी हिने सांगाड्याचा बाकीचा भाग शोधला. वडील सुतार होते. ते कर्ज मागे ठेवून 1810 मध्ये वारले होते आणि जीवाश्म विकण्यावरच घर चालत होतं. हा सांगाडा 23 पौंडांना विकला गेला. 1814 मध्ये शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी त्यावर निबंध लिहिला, पण त्यात अ‍ॅनिंग भावंडांचा उल्लेखही नव्हता. 1823 मध्ये मेरीला प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाचा सांगाडा मिळाला. पुढच्या वर्षी भूवैज्ञानिक कॉनिबेअर यांनी तो जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला, तोही तिचं नाव न घेता. त्या संस्थेचं सभासदत्व स्त्रियांना मिळायला 1919 साल उजाडलं.

गावाने मात्र पहिल्यापासून न्याय केला, असंही नाही. मेरीचं घर होतं त्याच जागी 1901 मध्ये थॉमस फिलपॉट यांनी संग्रहालयाची ही इमारत बांधली आणि संग्रहालय बरीच वर्षं फिलपॉट यांच्याच नावाने ओळखलं गेलं. मेरीच्या नावाचं दालन 2017 मध्ये झालं. आता उलट तिची एकटीचीच आरती होते, जोसेफ आणि जीवाश्म गोळा करणारी तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट मागे पडतात, असंही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण असा हिशेब तपासायला लागणारा पुरावा गावातच आहे. दाराबाहेर सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचे थर आहेत. हिवाळी वादळांत ते ढासळतात, जीवाश्म उघडे पडतात आणि वेळेत उचलले नाहीत तर लाटा त्यांचा चुरा करतात. दरडीखाली, भरतीच्या आत काम उरकणं म्हणजे काय, हे इथे उभं राहिल्यावर समजतं. काचेच्या पेटीतला सांगाडा ते सांगू शकत नाही.

तेव्हा लंडनचा सांगाडा जरूर पाहा. पण त्याआधी एक दिवस लाइम रीजिसला द्या. संग्रहालय पाहून झालं की ओहोटीची वेळ विचारून किनाऱ्यावर उतरा आणि कड्यांपासून लांब राहा.