उष्णतेची वर्दी देणारे स्फटिक

दक्षिण दिल्लीत मुनिरका ही दाट वस्तीची जागा आहे. तिच्या एका अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असून भारतीय तंत्रज्ञान संस्थाही फार दूर नाही. मे महिन्याच्या दुपारी तेथील गच्चीवरच्या पत्र्यास हात लावला तर चटका बसतो. परंतु नुसत्या पाहण्याने तो किती तापला आहे हे कळत नाही. एखाद्या पदार्थाने आपले उष्णतामान रंगावरून सांगितले तर?

असे पदार्थ रसायनशास्त्रज्ञांस परिचित आहेत. डायएथिल अमोनियम टेट्राक्लोरोक्युप्रेट हा त्यांपैकी एक होय. नाव लांबलचक असले तरी रचना समजण्यास सोपी आहे. तांब्याच्या एका अणूभोवती क्लोरीनचे चार अणू आणि सोबतीला सेंद्रिय आयन, असा हा दोन कुळांचा संकर होय. एरवी हे स्फटिक हिरवे असतात. सुमारे ५३ अंश सेल्सिअसला ते पिवळे होतात आणि निवल्यावर पुन्हा हिरवे दिसू लागतात.

याचे कारण अणूंच्या मांडणीत आहे. थंड स्फटिकात क्लोरीनचे चार अणू जवळजवळ सपाट चौकोनात बसतात. सेंद्रिय आयनांतील हायड्रोजन त्यांस खेचून धरतो. उष्णतेने ही पकड सैल होते व चौकोन पिळला जाऊन चतुष्फलकाकडे झुकतो. हिरवा स्फटिक प्रकाशातील निळा व तांबडा भाग शोषतो. आकार पालटताच तांबड्याचे शोषण अदृश्य अवरक्त भागाकडे सरकते. मोकळा झालेला तांबडा प्रकाश हिरव्यात मिसळून डोळ्यांस पिवळा भासतो.

यात शिसे नाही, ही मोठी जमेची बाजू. २००९ मध्ये जपानात मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिशाच्या संकरित हॅलाइडांचा सौरघट सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज अशा घटांनी २५ टक्क्यांची सीमा ओलांडली आहे. मात्र पाण्याने हे स्फटिक विघटित होतात आणि शिसे मातीत उतरण्याचा धोका उरतो. शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणूनच भारताने २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. पुढच्या दाराने घालविलेले विष मागच्या दाराने घरात घेणे शहाणपणाचे नव्हे.

तांब्याचे हे स्फटिक सौरघटाची जागा घेतील असे नाही. ते हवेतील ओल शोषतात, म्हणून त्यांस काचेच्या नळीत बंद करून ठेवावे लागते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंशांची नोंद झाली; तेवढ्या उष्णतेने ते पिवळे होणार नाहीत. उन्हातला पत्रा मात्र ५३ अंश सहज ओलांडतो. त्यावर ठेवलेली नळी पिवळी दिसली, की खालच्या खोलीत राहणाऱ्यांस सावध करण्यास आणखी कोणत्याही यंत्राची गरज उरणार नाही.