नसलेल्या शेडची घरपट्टी

घरपट्टीची पावती आपल्याकडे कपाटातल्या पिशवीत जाते आणि बाहेर निघते ती वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी. एरवी आकडा बघायचा, कुरकुरायचे आणि भरून मोकळे व्हायचे. पण आकडा कशावरून आला, हे विचारता येते आणि चुकीचा असेल तर बदलूनही मिळतो, हा आमचा अनुभव.

माझ्या आईचे घर विणकर गल्लीत आहे. पुढे खोल्या, मागे परसू, वर मंगळुरी कौले. परसात मागाची शेड होती. वडिलांच्या पाठीमागे माग विकले, शेडही उतरवली. दोन वर्षांपूर्वी चलन आले ते आदल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट. आई शेवया-पापड करून आपला खर्च भागवते. भाऊ म्हणाला, "मी भरतो, कचेरीत कोण हेलपाटे घालणार?" आई ऐकेना. "भरायला ना नाही. पण नसलेल्या शेडची पट्टी का म्हणून?"

वहिनीचे माहेर धारवाडचे. तिने नोंदवहीचा उतारा मागून आणला आणि वाचून दाखवला. "अत्ते, घराला आरसीसी लिहिलंय. शेड अजून आहे, तीही वाणिज्य म्हणून."

कर्नाटकात २००२ पासून स्वयं-आकारणीची पद्धत आहे. जागेचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, त्याचे वय आणि वापर या चार गोष्टी नोंदवायच्या. त्यांना नोंदणी खात्याच्या सरकारी दराची जोड मिळते, जुन्या बांधकामाला घसारा मिळतो आणि वर आरोग्य, ग्रंथालय, भिक्षुक निवारण असे उपकर लागतात. सरकारी दर काउंटरवरचा कारकून बदलू शकत नाही. त्याच्याशी त्यावरून वाद घालणे व्यर्थ. या चार नोंदी मात्र आपल्या घराच्या आहेत. हरकत घ्यायची ती त्यांवर.

आम्ही टेप लावून घर मोजले, कौलांचे आणि मोकळ्या परसाचे फोटो काढले. मागाचा वीजमीटर परत केल्याची हेस्कॉमची पावती सापडली. शेड बंद झाल्याचा याहून चांगला पुरावा नव्हता. प्रश्न राहिला घराच्या वयाचा. तेव्हा आईने आजेसासऱ्यांची पत्र्याची पेटी उघडली. तीत १९५४ ची घरपट्टीची पावती होती, मराठीत छापलेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्या वेळची. ती वहिनीला आईने वाचून दाखवली.

अर्ज वहिनीने कन्नडमध्ये लिहिला, एकच पान. आईसाठी त्याची मराठी प्रत केली, कारण सही तिची होती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सूट असते आणि मुदत उलटली की दंड चढतो. म्हणून आईने भिशीचे पैसे काढून पूर्ण रक्कम भरली, पण 'हरकत कायम ठेवून भरत आहे' असे अर्जात लिहून.

तीन हेलपाट्यांनंतर पाहणीला माणूस आला. त्याने परसू पाहिले, कौले पाहिली, पावती दोनदा उलटून पाहिली. शेड नोंदीतून गेली, आरसीसीच्या जागी कौलारू आले, वयही सुधारले. जास्तीची रक्कम पुढच्या वर्षी वळती झाली. तरी पट्टी पहिल्याइतकी खाली आली नाही, कारण सरकारी दर वाढले होते. त्याला आईची तक्रार नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर नोटिशीवरची मुदत आधी बघा. तोंडी सांगून थांबू नका. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश मागा, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील त्यावरच करता येते. उत्तरच येत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये भरून आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारता येते. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

घरपट्टीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे खरे. पण उद्या ई-खाते काढताना किंवा कर्ज घेताना हीच माहिती पुढे येते, आणि तेव्हा शेड कधी उतरवली हे सांगणारे माणूस घरात असेलच असे नाही. यंदाचे चलन आले की जुन्या पावत्या वाचणाऱ्या आजीला आणि कन्नड वाचणाऱ्या सुनेला किंवा नातीला शेजारी बसवा आणि चारही नोंदी मोठ्याने वाचा. अर्ध्या तासाचे काम आहे.