दुसऱ्या नांगराची जागा

जगप्रदक्षिणेला निघालेल्या शिडाच्या बोटीला नांगर फारसा लागत नाही. अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये ‘म्हादेई’ घेऊन कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून आले. अशा सफरीत नांगर बहुतेक काळ नुसता आडवा पडून असतो. मुंबईहून गोव्याकडे मुरुड, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत जाणाऱ्याला मात्र तो रोज संध्याकाळी लागतो. वाटेत बोट बांधायला मरिना नाहीत. खाडीत शिरायचं, आडोसा बघायचा, नांगर टाकायचा आणि चौतीस फुटांची बोट त्याच्या भरवशावर सोडून झोपायचं.

मी ज्या मित्राच्या बोटीवर हौशी खलाशी म्हणून जातो, तिच्या पुढच्या टोकावर सोळा किलोचा डेल्टा आहे, नांगराच्या फाळासारखा दिसणारा. त्याला तीस मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर. याच्याविषयी आमची काही तक्रार नाही. या पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असताना प्रश्न निघाला तो दुसऱ्या नांगराचा. आधीच्या मालकाने दिलेला एक होता, पण तो पहिल्याचाच धाकटा भाऊ. तीच जात, वजन निम्मं. असा नांगर ठेवून समाधान मिळतं, उपयोग फारसा होत नाही. ज्या जमिनीत मोठा फाळ धरत नाही, तिथे छोटा काय धरणार?

दुसरा नांगर लागतो तो चार-पाच वेगळ्याच कारणांसाठी. पहिला खडकात किंवा तळाशी पडलेल्या जुन्या जाळ्यात अडकतो आणि दोर सोडून देऊन निघावं लागतं. किंवा अरुंद खाडीत भरती-ओहोटीबरोबर बोट गोल फिरू नये म्हणून मागूनही एक टाकावा लागतो. वारा वाढला तर पुढे दोन नांगर कोनात टाकावेसे वाटतात. आणि कोकणात नेहमीचं कारण म्हणजे खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर बोट चढणं. ओहोटी लागलेली असेल तर हाताशी मोजकी मिनिटं असतात. तेवढ्यात दुसरा नांगर छोट्या रबरी होडीत घालून खोल पाण्याकडे न्यायचा, टाकायचा आणि बोटीवरून विंचने ओढून बोट मागे काढायची. सोळा किलोचं धूड हेलकावणाऱ्या रबरी होडीत उतरवून बघा म्हणजे कळेल की दुसरा नांगर आधी हलका हवा.

हलका आणि तरीही धरणारा म्हटलं की दोन चपट्या पात्यांच्या नांगरापाशी येऊन थांबावं लागतं. रिचर्ड डॅनफोर्थ या अमेरिकन गृहस्थाने हा प्रकार काढला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या बोटींवर तो गाजला. बोट किनाऱ्याला लागण्याआधी मागून नांगर टाकायची आणि माणसं उतरली की त्याच दोरावर स्वतःला ओढून मागे घ्यायची. आम्हाला दाभोळच्या दांड्यावर जे करायचं, तेच. मजा अशी की नांगरांच्या या जगात आरामाच्या बोटींसाठी म्हणून सुरू झालेलं कमीच. प्रसिद्ध सीक्यूआर हा केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी काढला, आणि ब्रूस नांगराची पाळंमुळं उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांकडे जातात.

डॅनफोर्थचा आजचा ॲल्युमिनियमचा वारस म्हणजे फोर्ट्रेस. आमच्या लांबीच्या बोटीला कंपनीच्या तक्त्याप्रमाणे साडेचार किलोचा पुरतो. मित्राने एक माप मोठा, जवळपास सात किलोचा मागवला. त्यात पात्यांचा कोन बदलता येतो. वाळूसाठी ३२ अंश, मऊ चिखलासाठी ४५. आमच्या खाड्यांमध्ये वाळूपेक्षा गाळ जास्त. मुंबई बंदरात तर नांगर वर येतो तो काळा चिखल घेऊनच. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या मऊ गाळात बऱ्याच नांगरांची चाचणी झाली, तीत ४५ अंशांचा फोर्ट्रेस सर्वांत सरस ठरला. चाचणी कंपनीनेच भरवली होती, हे लक्षात ठेवून निकाल वाचावा. पण मोठ्या पात्यांना गाळ भरपूर लागतो हे साधं भूमितीचं गणित आहे, ते कंपनीने सांगितलं म्हणून खोटं होत नाही.

त्याचे दोषही तितकेच उघड आहेत. पाणी पळत असेल तर खाली जाताना तो तरंगत तिरका सरकतो, तळाला लागतच नाही. ओढ एका दिशेने असली तर घट्ट, पण प्रवाह उलटला आणि एकदा उपटला की पुन्हा रुतेलच असं नाही. खडकात तर तो कुचकामीच. मालवणच्या आसपास, जिथे पाण्याखाली कातळ पसरलेला आहे, तिथे त्याच्यावर विसंबणं शहाणपणाचं नाही. रात्रभर एकट्याने बोट सांभाळायला मी त्याला ठेवणार नाही. मागचा नांगर म्हणून, किंवा ओढून घ्यायला म्हणून, त्याच्यासारखा दुसरा नाही.

साखळीसाठी आम्ही दारूखान्यात गेलो. रे रोड स्टेशनला उतरून खाडीच्या बाजूला वळलं की भंगारातल्या जहाजांचं लोखंड रस्त्याच्या दोन्ही कडांना रचलेलं दिसतं. माणसाच्या उंचीचे गंजलेले नांगर भिंतीला टेकवून ठेवलेले, आणि साखळी किलोवर. दुकानदार म्हणाला, ‘‘जहाजाची आहे साहेब, तुमच्या बोटीला जन्मभर पुरेल.’’ मित्राने एक टोक उचललं आणि दोन कड्या एकमेकींत जिथे घासतात तिथे बोट फिरवलं. वरून कडी जाडजूड दिसत होती, आतून झिजून पाऊण झालेली. साखळीची खरी जाडी तिथेच कळते. ती परत ठेवून शेवटी नागदेवी स्ट्रीटवरून नवी, जस्त चढवलेली आठ मिलिमीटरची तीन मीटर घेतली. पुढे चौदा मिलिमीटरचा, तीन पेडांचा साठ मीटर नायलॉन. मच्छीमार वापरतात तो पॉलिप्रॉपिलीनचा हिरवा-निळा दोर स्वस्त पडतो, पण तो पाण्यावर तरंगतो आणि स्वतःच्याच पंख्यात गुंततो. नायलॉन बुडतो आणि ताणतो, त्यामुळे धक्का नांगरापर्यंत पोचण्याआधी जिरतो.

साठ मीटर कशाला, असं विचारणाऱ्याने मुंबईचं उधाण बघावं. ओहोटीला तीन मीटर पाणी, त्यात बोटीच्या टोकाची उंची एक मीटर धरली तर चार. पाचपट दोर म्हणजे वीस मीटर, झालं. सहा तासांनी पाणी चार मीटर वाढलं की तोच हिशेब चाळीसवर जातो. गोव्याकडे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो म्हणून तिथे माणूस निर्धास्त होतो, आणि परतीच्या वाटेवर मांडव्याला तीच सवय अंगाशी येते.

इथपर्यंत खरेदी. खरी डोकेफोड पुढे, ठेवायचं कुठे. फोर्ट्रेस सुटा करून पिशवीत ठेवता येतो, जाहिरातीत तेच छान दिसतं. सुटे भाग, छोटे नटबोल्ट, पाना. अंधारात, बोट कलंडलेली असताना, ओल्या हातांनी हे जोडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. वजन खाली आणि मध्यावर ठेवावं म्हणजे बोट कमी डुलते, हा नियमही बरोबर. पण तळात फळीखाली ठेवलेल्या नांगरावर गाद्या, पाण्याचे कॅन आणि तांदळाची पिशवी येते. सात किलोंसाठी तो नियम मोडलेला परवडतो. तेव्हा नांगर जोडलेलाच, मागच्या कठड्यावर सपाट लटकवला. पात्यांच्या धारेवर उभी चिरलेली रबरी नळी बसवली, नाहीतर चढता-उतरताना नडगी कापली जाणार. पाती कठड्याला एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधली. शॅकलची पिन मात्र तारेने पक्की केली, ती पाण्याखाली सुटून चालणार नाही.

दोराची पिशवी बनवण्यात एक अख्खी दुपार गेली आणि ती दुपार मला सगळ्यांत आवडली. दोर वेटोळी करून ठेवला की तो हमखास गुंततो, तीन पेडांचा तर जास्तच. म्हणून पिशवीच्या तळाशी एक भोक पाडून दोराचं शेवटचं टोक तिथून बाहेर काढायचं, म्हणजे ते आधी बोटीला बांधता येतं. मग उरलेला दोर हाताने, पडेल तसा, पिशवीत भरत जायचा. वेटोळं नाही, रचना नाही. ज्या क्रमाने भरला त्याच्या उलट क्रमाने तो बाहेर येतो आणि कधी अडत नाही. दर दहा मीटरला रंगीत दोऱ्याची खूण शिवली. दहाला एक, वीसला दोन, चाचपून कळेल अशी. साखळी सगळ्यात वर. पिशवी जाळीची घेतली, पाणी निथळून जावं म्हणून.

ती ठेवली कॉकपिटच्या उजव्या कप्प्यात, हाताशी. ठेवली आणि ऑटोपायलटचा दिशाआकडा पाच-सहा अंशांनी हलला. कप्प्याच्या पलीकडच्या फळीवर त्याचा चुंबकीय सेन्सर होता. पिशवी उचलली, आकडा जागेवर. ठेवली, पुन्हा हलला. नांगर ॲल्युमिनियमचा, त्याला दोष नाही. खोड तीन मीटर साखळीची. पिशवी डाव्या कप्प्यात गेली आणि तिथला गॅसचा सुटा सिलिंडर उजवीकडे पाठवायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. तोही लोखंडाचाच.

ऑक्टोबरमध्ये जयगडच्या खाडीत आम्ही सराव केला. रबरी होडीच्या तळाशी गोणपाट, पात्यांनी होडी फाटू नये म्हणून. नांगर होडीच्या मागे बाहेर लटकवलेला, बारीक दोरीने. आणि पिशवी होडीतच. हे शेवटचं पुस्तक वाचून लवकर पटत नाही. पिशवी बोटीवर ठेवली की वल्हवणारा सगळा दोर पाण्यातून फरफटत नेतो, तीस मीटरवरच दमतो आणि प्रवाह त्याला बाजूला नेतो. पिशवी होडीत असली की दोर आपसूक मागे सुटत जातो आणि वल्हवणाऱ्यावर ओढ येत नाही. मित्र पन्नास मीटरवर पोचला, बारीक दोरी सोडली, नांगर सावकाश खाली गेला. बोटीवरून मी विंच फिरवला. दोर आधी सैल, मग ताठ, मग त्यातून पाणी पिळून निघायला लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्या दिशेला वळलं. काढायला मात्र घाम फुटला. गाळात गेलेल्या पात्यांना सरळ वर ओढून उपयोग नसतो. दोर उभा ताणून बांधायचा, भरतीला थोडं काम करू द्यायचं, आणि मग तो सुटतो.

परतीला हर्णैला एका तांडेलांनी कठड्यावरचं हे चकाकतं प्रकरण पाहिलं, उचलून बघितलं आणि वजनावर हसले. त्यांच्या होडीत चार बोटांचा लोखंडी नांगर होता, लोहाराकडून करून घेतलेला. ‘‘गाळात हा धरेल तुमचा. खडकात टाकाल तर गेला. आणि खडकात कुठलाही टाकलात तरी शेपटीला वेगळी दोरी बांधा, वर तरंगायला बोया. तोंडाकडून ओढून खडक सोडत नाही, शेपटीकडून सोडतो.’’ चार बोटांचं लोखंड थोडं मऊ असलेलं बरं, असंही ते म्हणाले. अगदीच अडकला तर बोट वाकतं, नांगर येतो, वाकलेलं परत ठोकून सरळ करतात.

त्यांच्याच ओळखीने आम्ही तसा एक बनवून घेतला. म्हणजे आता बोटीवर तिसराही आहे, मालवणसाठी. त्याची बोटं दुमडत नाहीत, त्यामुळे तो कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. सध्या पुढच्या कप्प्यात, दोन शिडांच्या पिशव्यांखाली बांधून ठेवला आहे. मित्राचं म्हणणं, मालवण जवळ आलं की बाहेर काढू. मी डोलकाठीच्या पायथ्याशी त्याच्यासाठी दोन पट्ट्या ठोकायच्या म्हणतो, आणि डेकला भोकं पाडायला तो अजून तयार नाही.