बर्फ आपोआप वितळवणारा रस्ता: खाली गरम पाणी किती लागतं, हे ठरतं कसं?

हिवाळा आला की एक रील हमखास फिरतं. गल्लीभर गुडघाभर बर्फ, शेजारी फावडं घेऊन दमलेला आणि एकाच घरासमोरचा ड्राइव्हवे मात्र ओला, काळाभोर, मोकळा. जादू वगैरे काही नाही. त्या काँक्रीटच्या पोटात पाइप आहेत आणि त्यातून गरम पाणी फिरतंय.

भोर आणि वेल्ह्याला (म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला) याची गरज पडणार नाही. तोरण्यावर धुकं उतरतं, बर्फ नाही. पण पुणे जिल्ह्यातून टोरांटो, शिकागोकडे गेलेली पोरं तिथं घरं घेतायत, त्यांचे आई-वडील तिकडे हिवाळा काढतात आणि सत्तरीत बर्फावरून घसरून खुब्याचं हाड मोडणं काय असतं, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे 'आपणही बसवून घेऊया का?' हा प्रश्न बऱ्याच मराठी घरांत निघतो. खर्च मोठा असतो आणि एकदा काँक्रीट ओतलं की चूक दुरुस्त करायला सगळं फोडावं लागतं.

रचना साधी आहे. बॉयलर किंवा हीट पंप पाणी तापवतो, पंप ते पाइपांच्या वेटोळ्यांतून फिरवतो. हे पाइप बहुतेकदा पेक्स नावाच्या प्लास्टिकचे, साधारण 15 ते 30 सेंटिमीटर अंतरावर टाकलेले. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळतात. खाली इन्सुलेशनचा थर हवा, नाहीतर पैसे देऊन तुम्ही जमीन तापवत बसाल.

खरा प्रश्न आहे, उष्णता किती?

शाळेत 'अप्रकट उष्मा' शिकलेला आठवतोय? शून्य अंशावरच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला 80 कॅलरी लागतात. आता समजा तासाला अडीच सेंटिमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ पडतोय. त्याची घनता पाण्याच्या दहावा भाग धरली, तर एका चौरस मीटरवर तासाला अडीच किलो. तो नुसता वितळवायला सुमारे 230 वॅट. पण वारा आहे, ओल्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन आहे, उघड्या आकाशाकडे जाणारी उष्णता आहे, खाली झिरपणारी आहे. म्हणून डिझाइनचा आकडा बऱ्याच ठिकाणी चौरस मीटरला 300 ते 600 वॅटच्या घरात जातो. 50 चौरस मीटरच्या ड्राइव्हवेला 400 वॅट धरले तरी 20 किलोवॅट झाले. आपल्या बाथरूममधले 2 किलोवॅटचे दहा गीझर एकाच वेळी चालू ठेवण्यासारखं.

हा आकडा कंत्राटदारानं अंदाजपंचे सांगायचा नसतो. त्यासाठीचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आधार म्हणजे ॲशरे या अमेरिकन इंजिनिअर संस्थेचं हँडबुक. या संस्थेची पुण्यातही शाखा आहे. हँडबुकच्या 'एचव्हीएसी ॲप्लिकेशन्स' या खंडात बर्फ वितळवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि हा खंड दर चार वर्षांनी सुधारून निघतो. त्यात अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक ठिकाणांसाठी, तिथल्या प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदींवरून काढलेले उष्णतेचे आकडे आहेत. तुमचं गाव त्यात नसेल तर शेजारचं शहर डोळे झाकून उचलायचं नाही. भोर शहर आणि वेल्ह्याचा घाटमाथा जवळजवळच, पण पाऊस दोन्हीकडे सारखा पडतो का? बर्फाचंही तसंच.

याच प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना म्हणजे 'किती भाग मोकळा हवा' हे प्रमाण. ते 1 असेल तर बर्फ पडता पडताच सगळा वितळला पाहिजे. हॉस्पिटलच्या इमर्जन्सी दारासमोर हे लागतं. 0 असेल तर वादळ चालू असताना वर बर्फाचा पातळ थर राहिला तरी चालतो, खालून तो वितळत राहतो. गंमत अशी की हा थर स्वतःच गोधडीसारखं काम करतो, वाऱ्याला उष्णता पळवू देत नाही आणि गरज कमी होते. दुसरा निर्णय टक्केवारीचा. बर्फ पडण्याच्या एकूण तासांपैकी 75 टक्के तासांना पुरेल अशी यंत्रणा हवी, की 99 टक्के? दर पायरीला बॉयलर मोठा होत जातो. घरासाठी 99 चा हट्ट धरायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारा.

कॅनडात घर असेल तर तिथला पाण्यावर चालणाऱ्या हीटिंगच्या जोडणीचा कोड आहे, सीएसए बी214. पाइप बनवणाऱ्या कंपन्या आपापली डिझाइन पुस्तिकाही देतात. पाइपातलं अंतर, वेटोळ्याची लांबी, पंपाची निवड यासाठी त्या उपयोगी आहेत. फक्त त्या पाइप विकण्यासाठी लिहिलेल्या असतात, हे लक्षात ठेवून वाचायच्या.

आणि वितळलेलं पाणी जाणार कुठे? भोरकरांना हे समजवावं लागणार नाही. भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. डोंगराकडचं गटार तुंबलं की पाणी रस्त्याची काय अवस्था करतं, ते इथं सगळ्यांनी पाहिलंय. थंड देशात हेच पाणी ड्राइव्हवेच्या कडेला साचून पुन्हा गोठतं आणि जिथं तापलेला भाग संपतो तिथंच काचेसारखा बर्फ तयार होतो. आई-वडिलांसाठी केलेल्या सोयीचा तिथंच सापळा होतो. म्हणून उतार आणि निचरा आधी, पाइप नंतर.

शहरं हे कसं परवडवतात? ती बहुतेक फुकटची उष्णता वापरतात. मिशिगनमधल्या हॉलंड शहरानं 1988 मध्ये वीजकेंद्राचं वाया जाणारं गरम पाणी बाजारपेठेच्या रस्त्यांखाली फिरवायला सुरुवात केली. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये घरं तापवून परतणारं, सुमारे 35 अंशांचं पाणी फुटपाथखाली सोडतात. अमेरिकेतल्या क्लॅमथ फॉल्समध्ये तर 1948 पासून भूगर्भातल्या उष्णतेवर रस्त्याचा चढ मोकळा ठेवला जात होता.

घरात असं फुकटचं काही नसतं, गॅसचं किंवा विजेचं बिल येतं. त्यामुळे तिथले बरेच लोक अख्खा ड्राइव्हवे तापवतच नाहीत. दारासमोरच्या पायऱ्या, गाडीपर्यंतची पायवाट आणि फार तर चाकांचे दोन पट्टे, एवढ्याखालीच पाइप टाकतात. बाकीच्यासाठी फावडं आहेच.