चार चाकांचे घर आणि एक बाव

सहलीला जाताना घरच बरोबर न्यायचे, ही कल्पना आमच्या मुलांच्या डोक्यात दोन वर्षे घोळत होती. शेवटी डिसेंबरात कोल्हापुरातून एक कॅरॅव्हॅन भाड्याने घेतली. आत चार बिछाने, शेगडी, फ्रीज, शॉवर आणि चक्क संडास! राधानगरी, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरलो आणि कणकवलीवरून कसालला येऊन मालवणचा रस्ता धरला. आता ना लॉजवाल्याची मनधरणी, ना कुणाचे उपकार, या विचाराने सगळेच खुशीत होतो.

मालवणच्या बाजारपेठेने ही खुशी पाच मिनिटांत उतरवली. नाताळची सुट्टी, रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानांच्या पायऱ्या. समोरून रिक्षा, मागे एसटी, आणि मध्ये आमचे सात मीटरचे घर! पुढे सरकेना, मागे वळेना. कुणी न सांगताच एक गृहस्थ खाजे घ्यायचे सोडून रस्त्यात उभे राहिले. 'येंव दे, येंव दे... थांब!' करीत त्यांनी गाडी सोडवली. बंदराजवळच्या गर्दीत ती रात्रभर उभी करण्याची सोय नव्हती. 'गावाभायर आमच्या वळखीचा घर आसा,' म्हणत त्यांनीच पुढचा रस्ता दाखवला.

त्या घराचे खळे नुकतेच शेणाने सारवलेले होते. मागे माडांची वाडी, आणि वाडीच्या कडेला जांभ्या दगडात बांधलेली बाव. घरच्या काकूंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावल्या, कौतुक केले आणि मग नेमका प्रश्न विचारला, 'ह्यातला घाण पाणी खंय जाता?'

आम्ही एकमेकांकडे पाहिले. शेगडी, फ्रीज, बिछाने सगळे तपासून घेतले होते. हा प्रश्न मात्र कुणालाच सुचला नव्हता. मुलाने समजावून सांगितले. मोरीचे सांडपाणी खालच्या टाकीत साठते. संडासाचे वेगळ्या पेटीत जाते आणि ती पेटी बाहेर ओढून रिकामी करायची. 'खंय रिकामी?' काकूंचा पुढचा प्रश्न. 'तुमच्या संडासात चालेल का?' मुलाने चाचरत विचारले.

काकूंनी मान हलवली. पेटीत वास मारण्यासाठी औषध घातलेले होते. अशी काही औषधे सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जंतूच मारून टाकतात. आणि वाडीत ओतावे, तर जांभा सच्छिद्र; वर टाकलेले खाली झिरपायला वेळ लागत नाही. हे शास्त्र काकूंनी एका वाक्यात सांगितले, 'तुमी उद्या जातलास, आमका ह्याच बावीचा पाणी पिवचा आसा.'

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता, पण आम्हालाच ओशाळल्यासारखे झाले. तोडगाही त्यांनीच काढला. गाडीतला संडास आणि शॉवर बंद. आंघोळी घरच्या न्हाणीत, तिचे पाणी पाटाने माडांच्या आळ्यात. पेटी तशीच मिटवून कोल्हापूरला न्यायची, कारण ती रिकामी करण्याची सोय गाडीमालकाकडे होती. उपकार नकोत म्हणून निघालेलो आम्ही त्या रात्री काकूंच्या ओटीवर बसून सोलकढी आणि बांगड्याचे तिखले जेवलो!

दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्गावर गेलो. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले आणि तीन वर्षांत ते पुरे झाले. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत हाही आहे. तट, बुरूज, शिवराजेश्वराचे मंदिर पाहिले. पण आदल्या दिवशीच्या प्रसंगामुळे पाय रेंगाळले ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! पाणी नसते तर एवढा तट कशाच्या आधारावर लढला असता? ते जपायचे असते, हे तिथे राहणाऱ्यांना वेगळे शिकवावे लागले नसेल.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चांगलेच झाले. म्हातारी माणसे, लहान मुले यांना घेऊन फिरण्याची ही छान सोय आहे. पण अशा गाडीला मुक्कामी नुसता समुद्र दिसून भागत नाही. भरायला पाणी, जोडायला वीज आणि मुख्य म्हणजे घाण टाकायला बंदिस्त जागा हवी. ती नसेल, तर आपले चार चाकी घर दुसऱ्याच्या परसात गटार सोडून पुढे जाणार. तेव्हा गाडी ठरवताना 'आत काय काय आहे?' याबरोबर 'बाहेर काय पडते आणि कुठे?' हेही विचारून घ्यावे.

निघताना काकूंनी आमच्या टाकीत बावीचे चार हंडे पाणी ओतवले. 'परत येवा,' म्हणाल्या. 'येवा, कोकण आपलाच आसा' असे आपण हौसेने म्हणतो. 'आपलाच' म्हटले, की त्या बावीची काळजीही आपलीच, एवढे त्या पाण्याने आम्हाला शिकवले.