जुनी गाडी, कडक ऊन आणि टायरची पारख

उन्हाळा आला की विदर्भ-मराठवाड्यात लग्नसराई सुरू होते. अकोला, चंद्रपूर, परभणी, नांदेड या भागांत पारा 42 ते 45 अंशांपर्यंत चढतो आणि नेमक्या याच दिवसांत अंगणात उभी असलेली जुनी मारुती बाहेर काढली जाते. निकाहला जायचे असते, गाडीत चारच्या जागी सहा माणसे बसतात, शिवाय सामान. निघण्यापूर्वी तेल-पाणी पाहिले जाते. टायरवर मात्र एक ओझरती नजर टाकून "नक्षी शाबूत आहे" एवढेच म्हटले जाते. चूक होते ती इथेच. उष्ण प्रदेशात, कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीचा टायर झिजून जाण्याआधी वयाने संपलेला असतो.

रबर म्हातारे कसे होते?

ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांच्यामुळे रबर हळूहळू कडक होते. याला आळा घालण्यासाठी टायरच्या मिश्रणात मेण व संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. टायर फिरत राहिला की ती पृष्ठभागावर येतात. गाडी महिनोन् महिने उन्हात उभी राहिली की हे काम मंदावते आणि टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसू लागतात. आत पोलादी तारांचे पट्टे व त्यांवरील रबर यांची पकडही सैल होते. ती डोळ्यांना दिसत नाही. मग तापलेला रस्ता, जादा भार आणि वेग एकत्र आले की वरचा थर सुटतो किंवा टायर फुटतो.

ऑगस्ट 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. त्या टायरांचा वरचा थर सुटून झालेल्या अपघातांशी तेथील सरकारी यंत्रणेने 271 मृत्यूंचा संबंध जोडला. मूळ दोष टायरचा होता. पण टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना यांसारख्या उष्ण राज्यांतच तक्रारी अधिक आल्या.

आधी तारीख वाचा

प्रत्येक टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2324 असे असेल तर तो टायर 2024 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. अनेक टायर कंपन्या 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि टायर चांगला दिसला तरी 10 वर्षांनी बदलावाच, असे सांगतात. काही मोटार कंपन्या 6 वर्षांचीच मर्यादा घालतात. संयुक्त अरब अमिरातीत टायरचे आयुष्य 5 वर्षे धरले जाते. तेथे नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना हे माहीत आहे. आपल्या उन्हाळ्यातही हाच हिशेब ठेवणे शहाणपणाचे. नवा म्हणून घेताना तारीख वर्षभराच्या आतील असावी. पत्र्याच्या गोदामात तीन उन्हाळे काढलेला टायर "कोरा" असला तरी ताजा नसतो. डिकीतील जादा टायरचीही तारीख पाहावी. तो बहुधा सर्वांत जुना निघतो.

माप आणि भार

मारुती 800 चे उत्पादन 2014 साली बंद झाले. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक 800 आता दहा वर्षांहून जुनी आहे. तिच्या टायरवर साधारणतः 145/70 आर 12, 69 एस असे लिहिलेले असते. 145 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 70 हे उंचीचे रुंदीशी टक्क्यांतील प्रमाण आणि 12 हा रिमचा इंचांतील व्यास. 69 म्हणजे एका टायरची भार सोसण्याची मर्यादा 325 किलो, तर एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंतचा वेग. टायर बदलताना भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. दुकानदार "हेही बसते" म्हणाला, तरी गाडीच्या पुस्तिकेतील माप सोडू नये. आयएसआय चिन्ह पाहावे. दोनच टायर घेण्याची ऐपत असेल, तर नवे टायर मागच्या चाकांना लावावेत. मागचे चाक घसरले की गाडी आवरत नाही. जुन्या गाडीचे रिम गंजलेले असतात, म्हणून ट्यूबलेस टायर बसविण्यापूर्वी ते घासून घ्यावेत व व्हॉल्व्ह नवा टाकावा.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का?

नाही. हा समज फार पसरलेला आणि तितकाच घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते आणि त्यातूनच उष्णता वाढते. हवा सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, कंपनीने सांगितली तेवढी भरावी. चालल्यावर दाब काही पौंडांनी वाढतो, तो गृहीतच धरलेला असतो. तापलेल्या टायरची हवा काढू नये.

स्वस्त टायर खरेच स्वस्त आहे का?

समजा, नवा टायर 3,000 रुपयांना मिळाला आणि पाच वर्षे चालला, तर वर्षाला 600 रुपये पडले. जुना टायर 1,200 रुपयांना घेतला आणि दीड वर्षात टाकावा लागला, तर वर्षाला 800 रुपये पडले. धोका वेगळाच. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जुन्याचा मोह धरण्याचे कारण आणखी कमी झाले आहे. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. गुळगुळीत टायरवर पुन्हा खाचा कोरून, वर काळे पॉलिश मारून तो विकणारेही बाजारात आहेत. खाचा कोरल्याने आतले रबर पातळ होते आणि चिरा पॉलिशखाली झाकल्या जातात.

दुकानदार बांधवांसाठी

टायर व पंक्चरच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक तरुण आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपला नव्हे, असे बजावले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पॉलिश मारलेला टायर ही तशीच रास आहे. फरक इतकाच की, ओल्या धान्याने पैसा बुडतो आणि फुटक्या टायरने माणसे जातात.

यासाठी भांडवल लागत नाही. गिऱ्हाइकाला टायरची तारीख स्वतःहून दाखवावी, ती बिलावर लिहून द्यावी आणि जुना टायर विकायचाच असेल तर त्याचे वय व डागडुजी सांगूनच विकावा. एखादे गिऱ्हाईक कमी होईल. पण ज्याला खरे सांगितले तो पुढच्या उन्हाळ्यात त्याच दुकानात येईल, सोबत शेजाऱ्यालाही आणील. बरकत म्हणतात ती हीच.